घाग बाई आणि काळतोंड्या

शाळेत रुजू झालो त्याच्या तिसऱ्या दिवशी घाग बाई शिक्षकांच्या खोलीत आल्या आणि त्यांनी माझ्या वहीशेजारी लोणच्याची एक रिकामी बरणी ठेवली. झाकणाला भोकं पाडलेली होती. आत थोडा पाचोळा होता आणि त्या पाचोळ्यात काहीतरी हललं.

"तुम्ही नवे ड्रॉइंगचे सर ना? मला याचं चित्र हवंय. मोठं. मागच्या बाकावरून दिसेल एवढं."

मी खुर्ची मागे सरकवली. बरणीत साप होता. जाडीला पेन्सिलीपेक्षा कमी, लांबीला हातभरही नाही. अंग तपकिरी, पाठीच्या मधोमध बारीक काळ्या ठिपक्यांची एक ओळ, आणि डोकं शाईत बुडवून काढल्यासारखं काळं.

"पावसचे ना तुम्ही? बागेत वाढलेला माणूस. साप काय नवीन आहे होय तुम्हाला?"

"बागेत निघतात की. आमच्याकडे एक जात आहे, ती चावली की माणूस पाणीसुद्धा मागत नाही असं..."

"बघितलंत की ऐकलंत?"

मी म्हणालो, "ऐकलंय."

"मग ते राहू दे. हे बघा."

'बघितलंत की ऐकलंत' हा बाईंचा प्रश्न त्या गावात सगळ्यांना ठाऊक होता. गाव देवरूखपासून एसटीनं तासाभरावर, सह्याद्रीच्या अंगाला, आणि बाई तिथल्याच. यजमान मुंबईत पोस्टात होते, गणपतीत आणि मे महिन्यात यायचे. बाईंनी विज्ञान शिकवत आणि भातशेती सांभाळत इथेच सगळी नोकरी काढली. बुधवारी तपासणी आहे असं मुख्याध्यापकांनी सांगितलं तरी बाई विचारायच्या, "पत्र बघितलंत की फोनवर ऐकलंत?" अमक्याची सून माहेरी निघून गेली असं कुणी सांगत आलं की हाच प्रश्न. त्यामुळे बाई आल्या की शिक्षकांच्या खोलीतल्या निम्म्या गप्पा बंद पडत.

बरणीतल्या सापाचं नाव काळतोंड्या. रानातला, पाचोळ्याखाली राहणारा, सरडे-सापसुरळ्या खाणारा, बिनविषारी. त्याचं दुर्दैव एवढंच की तो पोवळ्यासारखा दिसतो. पोवळाही असाच बारीक, काळ्या डोक्याचा, पण विषारी. मग दिसला काळ्या डोक्याचा बारीक साप की हाण, असं चालायचं. बाईंना दोघांची शेजारी शेजारी चित्रं हवी होती. मी तीन वेळा काढली. पहिल्यांदा म्हणाल्या, "डोकं सुंदर काढलंत, पण डोकं बघून कोण ओळखणार? शेपूट काढा." दुसऱ्यांदा शेपूट नीट आली, तर पोटाचा रंग चुकला. तिसऱ्यांदा त्या चित्राजवळ चष्मा नेऊन खूप वेळ उभ्या राहिल्या.

"हं. पोवळ्याच्या शेपटीवर दोन काळी वळी. डिवचला की शेपूट गुंडाळून वर करतो, खालून निळसर दिसते. काळतोंड्याला त्यातलं काही नाही. आता फळ्यावर चिकटवून लावा फाटकाला."

चांगलं झालंय असं त्या म्हणाल्या नाहीत. पण सातवीच्या मुलांना त्या फळ्यासमोर उभं करून शिकवताना मी त्यांना ऐकलं: "हे सरांनी तीनदा काढलं. तुम्ही निदान एकदा तरी नीट बघा."

बाई ठेंगण्या होत्या. पाचवारी साडी कमरेला खोचलेली, पायात रबरी बूट, आणि बाराही महिने हातात छत्री. छत्रीचं टोक पाचोळा उचलून बघायला. साप हाताळायचा त्यांना शौक नव्हता. कुणी सर्पमित्र गळ्यात साप घालून फोटो काढतो असं दिसलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. "त्याला विचारलंय का गळ्यात येतोस का म्हणून?" असं पुटपुटायच्या. त्यांना साप आवडायचे का, हेही मी कधी खात्रीनं सांगू शकलो नसतो. एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "आवडण्याचं काय त्यात? मी त्याचं देणं लागते."

ती गोष्ट मला प्रयोगशाळेत कळली. कपाटात फॉर्मलिनच्या बाटल्या होत्या. विंचू, खेकडा, सरडा, नेहमीचंच सगळं. एका बाटलीत एक छोटा साप, आणि शेजारच्या छोट्या बाटलीत तीन लांबट पांढरी अंडी. बाटलीवर बाईंच्या अक्षरात चिठ्ठी: 'काळतोंड्या, मादी. ओळख चुकल्यामुळे मारली.' खाली त्यांची सही.

मी विचारल्यावर बाईंनी बाटली पुसता पुसता सांगितलं. बऱ्याच वर्षांपूर्वी वर्गात कपाटामागून साप निघाला. मुलं बाकांवर चढली. शिपाई काठी घेऊन आला आणि त्यानं विचारलं, "बाई, इखारी हाय काय?" बाई दारात उभ्या होत्या. काळं डोकं दिसलं. तिथूनच म्हणाल्या, "पोवळा आहे. मार."

"मग मी नमुना म्हणून तो साप उघडला. आत तीन अंडी. म्हटलं, पुस्तकात नोंद करू. शेपूट बघितली तर वळी नाहीत. पुन्हा बघितलं. नाहीत." बाईंनी बाटली जागेवर ठेवली. "सर, तीस मुलं बघत होती. साप मेला त्याचं दुःख आहेच. पण लांबून बघायचं, एक नाव चिकटवायचं आणि मारायचं, हे मी त्यांना शिकवलं. विज्ञानाच्या बाईनं."

"मग?"

"मग काय, दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, मी चुकले. बाई चुकली हे बाईच सांगतेय, हे त्यांना नवीन होतं. कुणी हसलं नाही."

तेव्हापासून बाईंनी ठरवलं की या पंचक्रोशीत काळतोंड्या आता चुकून मरता कामा नये. कुणाच्या घरात साप निघाला की त्या जात. कुठल्याही वाडीत, भर उन्हात, पाऊस असला तरी चालत. मारला गेलेला साप असेल तर तोही बघायला जात, आणि मारणाऱ्यालाच शेपूट बघायला लावत. ओरडत नसत. नुसतं दाखवत. एकदा एका घरी खरोखरच पोवळा निघाला. तेव्हा त्यांनी पोरंबाळं बाहेर काढली, लांब चिमट्यानं तो डब्यात घातला, झाकण दोनदा तपासलं आणि घरच्या बाईला म्हणाल्या, "हा पोवळाच. तुम्ही घाबरलात ते बरोबर घाबरलात."

एप्रिलमध्ये भाजावळीसाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, पाला गोळा करताना सुनंदा नावाच्या बाईच्या बोटाला लहानसा साप चावला. तिनं तो बघितला होता आणि आमच्या फळ्यामुळे नीट बघितला होता. वळी नव्हती. घाग बाईंनी सगळं दोनदा विचारून घेतलं आणि तरीही रिक्षा बोलावली, मलाही बरोबर घेतलं. देवरूखच्या दवाखान्यात तिला दिवसभर ठेवून घेतलं. काही झालं नाही. संध्याकाळी सुनंदाचा नवरा वैतागला.

"बाई, तुमाला म्हाईत होता ना बिनइखारी हाय ता? मग दिस कशाला घालवलात?"

"बरंचसं माहीत होतं. सगळं नव्हतं. उरलेल्यासाठी तिचा जीव पणाला लावू होय?"

परतीच्या रिक्षात बाई माझ्या शेजारी बसून झोपून गेल्या. मांडीवरची छत्री मी धरून बसलो.

बाई निवृत्त झाल्या, यजमानही कायमचे गावी आले. घाग काका स्वभावानं मऊ, आणि सापाला जाम घाबरणारे. आता बाई भात आणि नातवंडं यांत रमतील असं सगळ्यांना वाटलं. त्याच्या पुढच्याच मे महिन्यात देवरहाटीचं प्रकरण झालं.

गावची देवी वाघजाई. देवळामागे तिच्या नावानं राखलेलं रान आहे, तीच देवरहाटी. तिथला पाला कुणी उचलत नाही, पडलेलं झाड कुणी घरी नेत नाही. गावच्या मुंबईकरांच्या मंडळानं ठरवलं की देवळाच्या पुढे फरशी घालायची आणि मागे, रहाटीच्या तोंडाशी, महाप्रसादासाठी पक्कं सभागृह बांधायचं. मंडळाचे अध्यक्ष सुर्वे. मुंबईत कारखान्यात फिटर म्हणून काम करून निवृत्त झालेले, सरळ मनाचे, हट्टी. त्यांची बाजू खोटी नव्हती. उत्सवात अवेळी पावसाची सर आली की पत्रावळीवरचं अन्न भिजायचं, आणि म्हातारी माणसं डोक्यावर पोती घेऊन जेवायची. सुर्व्यांची आई शेवटच्या वर्षी तशीच जेवली होती. ते त्यांच्या मनातून जात नव्हतं.

साफसफाई सुरू झाली. एका मजुरानं पडलेल्या किंजळाच्या कुजक्या खोडाला पहार लावून ते उलटलं, तर खाली चार पांढरी लांबट अंडी. तो पहार उचलणार तेवढ्यात देवळाचे पुजारी दत्ता गुरव ओरडले, "हात लावू नको! बाईंना बोलवा."

मी सुट्टीला पावसला निघायच्या तयारीत होतो. बाईंचा फोन आला. "सर, या. चित्र काढायचं नाही. नुसते या."

मी पोहोचलो तेव्हा खोड पुन्हा जसंच्या तसं ठेवलेलं होतं आणि बाई शेजारच्या दगडावर बसलेल्या होत्या. समोर सुर्वे, मंडळाची पाचसहा माणसं, गुरव आणि मजूर.

"बाई, डब्यात घाला नि घरी न्या," सुर्वे सांगत होते. "आमची काय हरकत नाय."

"नेता येतील. फिरवली तर आतलं पिल्लू मरतं, पण जपून नेता येतील. पुढच्या वर्षी ती मादी कुठे जाईल? हे खोडही तुम्ही नेणार, पालाही नेणार."

"ती कुठली मादी? कशाची अंडी आहेत ही?"

"काळतोंड्याची असावीत."

"असावीत?" सुर्व्यांनी तेवढाच शब्द पकडला. ते दोन पावलं पुढे आले. "बाई, साऱ्या गावाला तुम्ही विचारता, बघितलंत की ऐकलंत. आता मी विचारतो. अंडी घालताना तुम्ही बघितलीत तिला?"

बाईंचा चेहरा मी बघितला. त्यांना खोटं बोलायची गरजही नव्हती. नुसतं 'मला अनुभवानं कळतं' म्हणाल्या असत्या तरी निम्मं गाव ऐकणार होतं.

"नाही बघितलं," बाई म्हणाल्या.

"मग पोवळ्याचीही असतील."

"असतील."

एकच गलका झाला. देवळामागे विषारी पिल्लं, पोरं खेळतात तिथे, उत्सवाला माणसं येतात तिथे. बाईंनी तो ओसरू दिला आणि मग उठून उभ्या राहिल्या.

"म्हणूनच थांबायचं. मी एकदा न बघता सांगितलं होतं, आता सांगणार नाही. फुटेपर्यंत मी रोज इथे बसते. पोवळे निघाले तर मी स्वतः तुम्हाला सांगेन, आणि मागच्या कामाला माझा एका शब्दाचा विरोध राहणार नाही. काळतोंडे निघाले तर हे रान आहे तसं राहील. बोला."

"किती दिवस लागतील?"

"मला माहीत नाही. मी कधी बघितलेलं नाही."

पावसाळा तोंडावर होता. आता काम थांबलं तर मागचं बांधकाम वर्षभर लांबणार हे सगळ्यांना कळत होतं. सुर्वे म्हणाले, देवीला विचारू. गुरवांनी आंघोळ केली, देवीच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या लावल्या आणि हात जोडून गाऱ्हाणं घातलं: आई, मंडळानं हे काम योजलंय, करायचं असेल तर उजवा कौल दे. थोड्याच वेळात उजवी पाकळी पडली. मंडळाच्या लोकांनी घंटा वाजवली.

मला वाटलं, संपलं. बाई मागे खांबाला टेकून उभ्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "गुरवदादा, काम करू का असं विचारलंत. हो म्हणाली, करा. लगेच करू का असं विचारलंत काय?"

गुरवांनी सुर्व्यांकडे बघितलं. सुर्वे म्हणाले, "विचारा." पुन्हा पाकळ्या लागल्या, पुन्हा गाऱ्हाणं झालं. या खेपेला एकही पाकळी पडली नाही. अर्धा तास गेला. मांडी घातलेल्या माणसांचे पाय आखडले. बाहेर मजुरांनी भाकऱ्या सोडल्या.

"देवी काय बोलत नाय," गुरव शेवटी म्हणाले. "उजवा नाय, डावा नाय. आता तुमीच काय ता ठरवा."

सुर्व्यांनी डोक्यावरची टोपी काढून घाम पुसला. "पुढची फरशी घालून घेतो. मागचं राहू दे. बसा बाई तुम्ही."

आणि बाई बसल्या. सकाळी सातला यायच्या, दुपारी जेवायला घरी जायच्या, पुन्हा यायच्या. पाऊस लागल्यावर गुरवांनी वर ताडपत्री बांधून दिली. घाग काका रोज थर्मासमधून चहा आणायचे, पण देवळाच्या शेवटच्या पायरीपुढे त्यांचं पाऊल पडत नसे. तिथूनच हाक मारायचे, "अगोऽ, चहा!" बाईंना उठून जावं लागे. पहिल्या आठवड्यानंतर काका ती पायरी उतरले. मग पाचोळ्याच्या कडेपर्यंत आले. जुलैमध्ये मी बघितलं तर दोघं शेजारी शेजारी बसून एकाच कपातून आळीपाळीनं चहा पीत होते. काकांनी पाय मात्र दगडावर वर घेतले होते.

सगळं चांगलंच चाललं होतं असं नाही. एका अंड्यावर बुरशी धरली. एक मुंग्यांनी पोखरलं. ते सापडलं त्या दिवशी बाई दुपारी जेवायला घरी गेल्या नाहीत. मधे त्यांना ताप आला, तेव्हा चार दिवस गुरव आणि मी वाटून बसलो. चौथ्या दिवशी बाई शाल गुंडाळून आल्याच. "तुम्ही नीट बसता की मोबाईल बघता, ते मला बघायचंय," म्हणाल्या. गावात काही जण हसायचे, काही जण सरळ म्हणायचे, म्हातारीनं देवीचं काम अडवलं. बाईंच्या कानावर ते जायचं. तरी सकाळी सातला त्या हजर असत.

श्रावणातल्या एका रविवारी सकाळी गुरवांचा पोरासारखा नाचरा आवाज फोनवर आला, "सर, फुटला! एक फुटला!" मी धावलो. दोन्ही अंड्यांना चिरा गेल्या होत्या आणि एका चिरेतून गव्हाच्या दाण्याएवढं काळं डोकं बाहेर आलं होतं. डोकं काळं. त्यावरून काहीच ठरत नव्हतं. शेपूट आतच होती.

मी फोन काढला. सुर्व्यांना व्हिडिओवर दाखवू म्हटलं. बाईंनी माझा हात खाली केला.

"येऊ दे त्यांना. पिल्लं पुरती बाहेर यायला वेळ घेतात. मुंबईहून रात्रीची गाडी पकडली तर सकाळी इथे असतील."

"आणि तोवर बाहेर येऊन निघून गेली तर?"

"गेली तर गेली. मग त्यांनी बघितलेलं नसेल, आणि मी मागचं रान मागणार नाही."

सुर्वे सकाळी आठला पोहोचले. चिपळूणहून मिळेल त्या गाडीनं, पिशवी खांद्यावर, बूट चिखलानं भरलेले. एक पिल्लू रात्रीतच निघून गेलं होतं. दुसऱ्याचं अर्धं अंग अजून अंड्यात होतं. बाईंनी बाजूला सरकून जागा दिली आणि भिंग त्यांच्या हातात ठेवलं. सुर्वे उकिडवे बसले. आम्ही सगळे तसेच वाट बघत राहिलो. बऱ्याच वेळानं ते सुतळीएवढं पिल्लू हळूहळू सरकत बाहेर आलं आणि ओल्या खोडावर लांब झालं.

"शेपूट बघा," बाई हळूच म्हणाल्या. "वळी आहेत?"

"नाय."

"पाठीवर ठिपक्यांची ओळ?"

"हाय. बारीक हाय, पण हाय."

"काडीनं जरा हलवा. शेपूट वर करतो? खाली निळं?"

सुर्व्यांनी काडी लावली. पिल्लू घाईघाईनं पाचोळ्यात घुसलं, शेपटीसकट.

"नाय. कायच नाय तसा."

"नक्की?"

"अहो, बघतोय ना मी!" सुर्वे ओरडले, आणि मग आपण काय बोललो ते कळून एकदम हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि उठता उठता त्यांचा तोल गेला. सुर्व्यांनीच त्यांना हात दिला.

देवळामागे सभागृह झालं नाही. पुढच्या बाजूला, फरशीवर, पत्र्याचा मांडव झाला. आता म्हातारी माणसं कोरड्यात जेवतात. मंडळानं मांडवासाठी कडेची दोन झाडं तोडली, त्यावरून बाई सुर्व्यांना पुढे प्रत्येक उत्सवात बोलून घ्यायच्या आणि सुर्वे मान खाली घालून ऐकून घ्यायचे. खोड तिथेच आहे.

दोन वर्षांनी माझी बदली पावसच्या बाजूला झाली. पुढच्या पावसाळ्यात बाई न्यूमोनियानं गेल्या. निरोप मिळाला तेव्हा घाटातला रस्ता बंद होता, मी पोहोचू शकलो नाही. त्यामुळे माझ्याकडे त्यांचं शेवटचं दर्शन आहे ते बदलीच्या दिवसाचं. सामान टेम्पोत चढवून मी निरोप घ्यायला घरी गेलो. काका एकटेच होते. म्हणाले, "ती नाही. वरच्या गावच्या बायकांनी बोलावलंय. त्यांच्या रहाटीतही कसलंसं काम निघालंय म्हणे."

मी वरच्या गावाच्या वाटेला लागलो. चढ संपतो तिथून रहाटीची कड दिसते. पंधरावीस बायका अर्धवर्तुळ करून उभ्या होत्या आणि मधे बाई पाचोळ्यात गुडघे टेकून बसल्या होत्या. हाक मारावी असं वाटलं, पण मारली नाही. बाईंनी मान न वळवता एक हात वर केला. सगळ्या बायका एक पाऊल मागे सरल्या. मग एक म्हातारी, काठी टेकत, तेवढी एकटीच पुढे आली आणि बाईंच्या शेजारी बघायला वाकली.